भाव फुटायच्या आधीच भिशी

प्रिय ताई,

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही सहा जणांनी भिशी चालू केली आहे. चौघे शाळेतले, एक माझा आतेभाऊ आणि एक कंपनीतला. पुढचा प्लेस्टेशन (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन) आला की सहाही जणांनी एकाच दिवशी घ्यायचा, असं ठरलं. सिंहस्थाच्या आसपास येईल असा आमचा अंदाज. महिन्याला प्रत्येकी २,५०० रुपये, रविवारी मिसळीला भेटलो की जमा करायचे. सात महिने झाले. खजिनदार मी, त्यामुळे १,०५,००० रुपये माझ्या खात्यात आहेत.

आता भांडण किमतीवरून पेटलंय. आतेभाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला आहे. त्याने चिप, मेमरी, एसएसडी सगळ्यांची बेरीज केली आणि म्हणाला, ५०,००० च्या वर जाणारच नाही. दुसरा रोज लीकचे, म्हणजे कंपनीतून आधीच फुटलेल्या बातम्यांचे, व्हिडिओ बघतो. तो म्हणतो, लाखाच्या खाली मिळाला तर मिशी काढीन. यावर पाचशे-पाचशेची पैजही लागली आहे. त्यात एमजी रोडचा एक दुकानदार म्हणाला, प्रत्येकी १०,००० आत्ता द्या, मग भाव काहीही फुटो, तुम्हाला ६२,००० ला पहिल्या लॉटमधला पीस देतो. आणि आमच्यातल्या एकाचं मे महिन्यात लग्न ठरलंय, तो पैसे परत मागतोय. बाकीचे म्हणतात, भिशीतून मधेच उठता येत नाही.

किंमत किती धरू? दुकानदाराला पैसे देऊ का? वडिलांची निफाडला द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, खेळण्यासाठी भिशी लावणारे तुम्हीच पहिले.

– खजिनदार, सिडको


प्रिय खजिनदार,

आधी लग्नवाल्याचं. त्याचे १७,५०० रुपये आज रात्री जेवायच्या आत त्याच्या खात्यावर टाक आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मोकळा हो. मधेच उठता येत नाही हा नियम भिशी उचललेल्या माणसासाठी असतो. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात नंबर लागला, रक्कम घेतली आणि पुढचे हप्ते बंद केले, तर बाकीचे बुडतात, म्हणून तो नियम. तुमच्यात कुणीच काही उचललेलं नाही. उचलायचा प्रश्नच नाही, कारण तुम्हाला सगळ्यांना सगळी रक्कम एकाच दिवशी हवी आहे. म्हणजे सहा जणांची बचत एकाच्या खात्यात पडून आहे, एवढाच या योजनेचा अर्थ. समोर मांडववाला, केटरर आणि बस्ता दिसत असताना नवरदेवाला गेमचा हप्ता भरायला लावणारे हेच मित्र लग्नात पहिल्या पंगतीला बसतील, हेही मला माहीत आहे.

आता किंमत. तुझं पत्र आल्यावर मी जुन्या लाँचचे भाव काढून बसले, आणि तुझे दोन्ही मित्र चुकताहेत असं माझं मत झालं. त्यातल्या त्यात आतेभावाची चूक जास्त समजून घेण्यासारखी आहे.

त्याची बेरीज बरोबर असेलही. डिप्लोमावाल्याच्या बेरजेवर मी कशाला शंका घेऊ? पण त्या बेरजेतून विक्रीची किंमत निघत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आला, तेव्हा आयसप्लाय या संस्थेने तो उघडून सुट्या भागांचा हिशोब मांडला. दोन्ही मॉडेलचा खर्च ८०० डॉलरच्या वर निघाला. आणि कंपनी ती विकत होती ४९९ आणि ५९९ डॉलरला. प्रत्येक नगामागे तोटा, तोही समजून-उमजून. कारण कमाई मशीनवर नसतेच. ते एकदा तुमच्या टीव्हीखाली बसलं की पुढची सहा-सात वर्षं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममध्ये कंपनीचा वाटा असतो. तिच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला तर तो साधारण ३० टक्के धरला जातो. ऑनलाइन खेळायची वर्गणी आणखी वेगळी. तेव्हा कंपनी आधी ठरवते की मशीनवर किती तोटा सोसायचा किंवा किती थोडा नफा घ्यायचा, आणि भागांची बेरीज त्यानंतर येते.

तोटा किती सोसायचा हे कशावर ठरतं? बऱ्याच वेळा समोरच्यावर. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या सॅटर्न मशीनची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. पहिल्या प्लेस्टेशनची अमेरिकेतली किंमत ती. १० जून २०१३ ला तसंच झालं. सकाळी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या मशीनचे ४९९ सांगितले, संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ चे ३९९. २०२० मध्ये मग दोघेही शहाणे झाले आणि महिनोन्‌महिने एकमेकांच्या तोंडाकडे बघत गप्प बसले. शेवटी मायक्रोसॉफ्टने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोंड उघडलं, सोनीने १६ सप्टेंबरला. दोन्ही मशीन दुकानात यायची होती नोव्हेंबरमध्ये. म्हणजे जेमतेम दोन महिने उरले असताना जगाला आकडा कळला.

तरी आतेभावाला अगदीच मोडीत काढू नकोस. प्लेस्टेशन ३ च्या काळातली ती दिलदारी आता राहिलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने सांगून टाकलं की डिस्कवाल्या (गेमची तबकडी घालता येणाऱ्या) पीएस५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर, आता आपल्याला तोटा होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तर पाच वर्षं जुन्या झालेल्या त्याच मशीनची किंमत अमेरिकेत ५० डॉलरने वाढवली, ४९९ चे ५४९ झाले. आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा अशा काही उचलल्या की रॅमचे भाव भडकले. आतेभावाला म्हणावं, बेरीज पुन्हा कर, रॅमचा आजचा भाव घाल, आणि येईल तो आकडा तळ समज. त्याच्या खाली कंपनी फार जाणार नाही, इतकाच त्या कागदाचा उपयोग.

मिशीवाल्यासाठी मात्र न्हाव्याची वेळ घेऊन ठेव. लाख रुपये व्हायला अमेरिकेत किंमत साडेआठशे-नऊशे डॉलरच्या घरात जावी लागेल (हा हिशोब कसा ते पुढे सांगते). कंपन्यांना त्या उंचीची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. १९९३ मध्ये ३डीओ नावाचं मशीन ७०० डॉलरला आलं होतं. तुझ्या वयाच्या कुणाला ते नाव माहीत नसेल, यातच सगळं आलं. पीएस५ प्रो २०२४ मध्ये ७०० डॉलरलाच आला, पण तो हौशी लोकांसाठी. शेजारच्या फळीवर साधा पीएस५ होताच. नवी पिढी सुरू करणारं मुख्य मशीन तेवढ्याला काढायचं म्हणजे पहिल्याच वर्षी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवायचं.

लीक सगळे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एसचे २९९ डॉलर आधी बाहेर फुटले आणि मायक्रोसॉफ्टला लगोलग कबूल करावं लागलं. पण तेव्हा लाँच दोन महिन्यांवर होतं. दुकानांना दर कळवायची, जाहिराती तयार करायची वेळ झाली की शेकडो लोकांना आकडा ठाऊक होतो, मग तो बाहेर येतोच. आत्ताची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीसाठी प्लेस्टेशनची रचना करणारे मार्क सर्नी चिप बनवणाऱ्या एएमडीच्या माणसांबरोबर एका व्हिडिओत पुढच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलले, आणि पुढच्या मशीनबद्दल त्यांनी 'काही वर्षांत' एवढंच म्हटलं. जो आकडा कंपनीतच ठरलेला नाही तो फुटणार कसा? तुझा मित्र रोज बघतो ते अंदाज आहेत, फक्त खाली लाल पट्टी लावलेले.

आणि जाहीर झालेला आकडासुद्धा दगडावरची रेघ नसतो. प्लेस्टेशन ३ चं छोटं मॉडेल जपानमध्ये ६२,७९० येनला येणार होतं. दुकानात यायच्या आधीच सप्टेंबर २००६ मध्ये ते ४९,९८० वर उतरवलं. निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा ३डीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला, खपेना, आणि ऑगस्टमध्ये १७० झाला. पहिल्या पाच महिन्यांत घेणाऱ्यांना कंपनीने समजूत म्हणून वीस जुने गेम फुकट दिले. एप्रिल २०२५ मध्ये निन्टेन्डोच्याच स्विच २ या मशीनची किंमत ज्या दिवशी सांगितली, त्याच दिवशी अमेरिकेने नवे आयात शुल्क जाहीर केले. अमेरिकेतलं बुकिंग लगेच पुढे ढकलावं लागलं. मशीनचे ४५० डॉलर शेवटी तसेच राहिले, पण काही ॲक्सेसरीज महाग झाल्या.

आता आपल्याकडचा भाव. इथे जरा सावकाश वाच, मला स्वतःला या आकड्यांची मजा वाटली. प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये आला, ३९,९९० रुपयांना. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आला, तोही ३९,९९० ला. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये, डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्कशिवायचा, पुन्हा ३९,९९०. चौदा वर्षांत डॉलर चाळिशीतून सत्तरीच्या पुढे गेला, मशीनच्या तीन पिढ्या झाल्या, आणि तो ३९,९९० आपल्या जागेवर ठिय्या देऊन बसलेला. याचा अर्थ आपल्याकडचा भाव डॉलरला गुणून निघत नाही. कंपनी खण पाडते, ३९,९९०, ४९,९९०, ५४,९९०, आणि मशीन त्यातल्या एका खणात बसवते. तुझ्या दुकानदाराचा ६२,००० हा आकडा मला म्हणूनच खटकला. कंपनी असा भाव काढत नाही.

तरी डॉलर आणि रुपयाचं काही नातं आहेच. प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ ला होता, इथे ३९,९९०. पीएस५ तिथे ४९९, इथे ४९,९९०. दोन्ही वेळा एका डॉलरमागे शंभर रुपये. खरा डॉलर पहिल्या वेळी बासष्टच्या आसपास होता आणि दुसऱ्या वेळी त्र्याहत्तरच्या. मधला फरक कर, वाहतूक, दुकानदाराची टक्केवारी आणि कंपनीचा सावधपणा. २०१८ च्या अर्थसंकल्पात गेम कन्सोलवरचं, म्हणजे अशा मशीनवरचं, सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या पाटीवर विक्रीकर नसतो, तो बिलात वेगळा लागतो. आपली एमआरपी सगळे कर पोटात घेऊन येते. गंमत अशी की ४९९ डॉलरला त्र्याहत्तरने गुणून वर हे सगळे कर चढवले तर ५२,००० च्या वर जातात, आणि विकला गेला ४९,९९० ला. कारण सीमाशुल्क लागतं ते आयातीच्या बिलावर, अमेरिकेतल्या दुकानाच्या पाटीवर नाही. यूट्यूबवर डॉलर गुणून कर लावणारे बरेच जण हे विसरतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्कवाला पीएस५ इथे ५४,९९० झाला. अमेरिकेत तेव्हा ४९९ च होता, म्हणजे आपण डॉलरमागे ११० वर गेलो. त्यानंतर डॉलरने नव्वदीही पाहिली. तेव्हा पुढच्या मशीनसाठी मी डॉलरमागे ११० ते १२० रुपये धरते. अमेरिकेत ४९९ ला आला तर इथे ५५ ते ६० हजार. ५९९ ला आला तर ६६ ते ७२ हजार. ६९९ ला आला तर ७७ ते ८४ हजार. माझा कौल मधल्याला. जुनंच मशीन तिथे ५४९ वर नेल्यावर नवं ४९९ ला आणायचं म्हणजे कुणीतरी फार मोठं मन करावं लागेल, आणि ७०० च्या पलीकडची भीती मी वर सांगितलीच. फक्त डिस्क ड्राइव्हसह की ड्राइव्हशिवाय, हे बघायला विसरू नका. पीएस५ प्रो ड्राइव्हशिवाय आला, ड्राइव्हचे अमेरिकेत ८० डॉलर वेगळे. पुढच्या वेळी पहिल्या पानावरचा आकडा ड्राइव्हशिवायच्या मॉडेलचा असेल, असा मला दाट संशय आहे.

पण पैज लावायचा आकडा वेगळा आणि बचतीचा वेगळा. पैज मधोमधच्या आकड्यावर लावायची, कारण तिथे जिंकायची शक्यता जास्त. बचत वरच्या आकड्यावर करायची, कारण पाच हजार उरले तर एक गेम येतो आणि पाच हजार कमी पडले तर क्रेडिट कार्डाचा ईएमआय येतो. तुम्ही ७५ ते ८० हजार धरून चाला. आतेभावाच्या ५०,००० वर हप्ता ठरवलात तर लाँचच्या दिवशी बाकीचे चौघे त्यालाच शोधत फिराल.

तू विचारलेलं नाहीस, पण कुणीतरी विचारेल: वर्षभर थांबलो तर स्वस्त होणार नाही का? पूर्वी होत असे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ ला आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळत होता. पीएस५ ने तो रिवाज मोडला. इथे २०२३ च्या उन्हाळी ऑफरमध्ये ७,५०० रुपये कमी केले तेव्हा किंमत झाली ४७,४९०. म्हणजे लाँचला अडीच वर्षं होऊन, सवलत धरून, मूळ भावापेक्षा फक्त अडीच हजार कमी. तेव्हा स्वस्ताईसाठी थांबण्यात आता फारसा अर्थ नाही. घाई नको ती दुसऱ्या कारणासाठी. पहिल्या वर्षी नव्या मशीनसाठीच बनवलेले गेम बोटावर मोजण्याइतके असतात. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, पीएस५ येऊन दोन वर्षं झाल्यावर, आणि तो पीएस४ वरही चालत होता. तुमच्यापैकी ज्याच्याकडे आधीचं मशीन आहे त्याचं पहिल्या दिवशी काही अडत नाही.

आता दुकानदार. त्याला एक रुपया देऊ नकोस.

त्याचा सौदा नीट बघ. भाव ५५,००० फुटला तर तुम्ही ६२,००० ला बांधलेले, प्रत्येकी सात हजारांचा चुना. भाव ७२,००० फुटला तर त्याला प्रत्येक नगामागे दहा हजार खिशातून घालावे लागतील. घालेल तो? 'लॉटच आला नाही भाऊ' म्हणेल आणि तुमचे दहा हजार हातावर ठेवेल. तेही ठेवले तर. म्हणजे तुमचं नुकसान पक्कं आणि त्याचं त्याच्या मर्जीवर. तोवर सहा जणांचे ६०,००० रुपये एक-दोन वर्षं बिनव्याजी त्याच्या धंद्यात फिरतील. निफाडला वडिलांना विचार, व्यापारी इसार कधी देतो? बागेत जाऊन मणी बघून, साखर बघून, घड डोळ्यासमोर लटकत असताना. आणि एवढं करूनही शेतकऱ्याचे उरलेले पैसे राहतात ते राहतातच. तुम्ही तर लागवडच झाली नाही अशा बागेचा इसार द्यायला निघालात.

मशीन इथे केव्हा येणार, हेही त्याच्या हातात नाही. प्लेस्टेशन ४ अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये आला आणि आपल्याकडे जानेवारीत. एक्सबॉक्स वन तर आपल्याकडे जवळजवळ दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये. आणि पीएस५ प्रो जगभर निघाला तेव्हा भारताच्या यादीत नव्हताच. त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता, असं कारण कंपनीने दिलं. कुणी प्रोसाठी आधीच इसार दिला असता तर तो दुकानदार तरी काय करणार होता?

अधिकृत बुकिंग उघडेल तेव्हा पैसे भरा, तेव्हा मात्र हयगय नको. पीएस५ चं बुकिंग इथे १२ जानेवारी २०२१ ला उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. मग तोच डबा चढ्या भावाने विकणारे उगवले. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा दुकानदारासाठी गुन्हा आहे. बिल मागा, बिलावर मशीनचा सिरीयल नंबर टाकून घ्या. जास्त मागितले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. दुबईहून कुणाचा दाजी आणून देतो म्हणाला तर भाव बघून हुरळू नका, वॉरंटीचं काय ते आधी विचारा.

राहिले तुझ्या खात्यातले पैसे. लग्नवाल्याचे गेल्यावर ८७,५०० उरतात, त्यातले ७०,००० तुझे नाहीत. तुझ्या कुठल्या ईएमआयचा ऑटो डेबिट चुकून त्यातून गेला, मधे नोकरी गेली, गाडीवरून पडलास, तर तुझी आई बँकेत जाऊन चार पोरांचा हिशोब कसा मांडणार? ज्याचे त्याला परत कर आणि प्रत्येकाला आपापल्या बँकेत रिकरिंग डिपॉझिट काढायला सांग. महिना ३,००० चं. हातातले १७,५०० आणि असे वीस हप्ते मिळून ७७,५०० होतात, वर व्याज. तोवर मशीन आलं नाही तर आरडी चालू ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही. रविवारी मिसळीला भेटून एकमेकांना पासबुकाचा फोटो दाखवा, भिशीची मजा तेवढ्यातही येते. दुसरा कंट्रोलर आणि एक-दोन गेम यांचे दहा-पंधरा हजार वेगळे धरा. पीएस५ लाँचला दुसरा कंट्रोलर इथे ५,९९० ला होता आणि मोठा गेम ४,९९९ ला, पुढच्या वेळी यापेक्षा कमी असणार नाही. पाचही जण एकाच्या हॉलमध्ये जमून खेळणार असाल तर पाच मशीन कशाला, हा प्रश्न मी विचारत नाही. तुमच्या घरचे विचारतील.

वडिलांना सांग की स्वतःच्या पगारातून दोन वर्षं साठवून रोखीने घेणार आहोत, कर्ज काढून नाही. बागायतदार माणूस आहे, त्याला हे वाक्य कळतं.

पैजेचं आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर लाँचच्या दिवशी दुसरं भांडण होईल. धरायची ती भारतात कंपनीने जाहीर केलेली पहिल्या दिवसाची एमआरपी, डिस्क ड्राइव्हसह साध्या मॉडेलची. ड्राइव्ह वेगळा विकला तर दोन्हींची बेरीज. बँकेचा कॅशबॅक, दिवाळीची ऑफर, जुन्या मशीनची एक्स्चेंज काही वजा करायचं नाही. सगळ्यात जवळचा जिंकला, मग वर असो वा खाली. लग्नवाला पैजेतूनही उठला असेल तर त्याच्या जागी माझं नाव घाल आणि समोर ६९,९९० लिही. पाचशे रुपये कुणाकडे पाठवायचे ते कळव, फक्त तुझ्या त्या खात्यात नको.

– ताई